रात्रीच्या मुक्कामाचा हक्क

जळगाव किंवा धुळे शहराच्या मध्यभागी शनिवारची एक रात्र काढण्यासाठी सामान्य माणसाला परवडेल अशी खाट कोठे मिळते, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात चर्चेला घ्यावा इतका महत्त्वाचा आहे काय, अशी शंका अनेक कार्यकर्त्यांच्या मनात येईल. कापसाचा भाव, केळीचा पीकविमा, तापी-गिरणेचे पाणी, बंद पडलेल्या सूतगिरण्या या प्रश्नांच्या पंक्तीत तो बसत नाही, असे वरवर पाहता वाटते. शिवाय त्याला करमणुकीचा वास आहे. आणि करमणूक म्हटली की डाव्या चळवळीतील माणूस अजूनही थोडा अवघडतो. परंतु कोणत्याही समाजाची विषमता त्याच्या भाकरीत दिसते तितकीच त्याच्या फुरसतीतही दिसते. शहरात दिवसा राबायला कोणाला यावे लागते आणि रात्री थांबायला कोणाला मिळते, हे पाहिले की ते शहर कोणाचे आहे ते कळते.

खानदेशातील वस्तुस्थिती पाहावी. चोपडा, यावल, रावेर, एरंडोल, पारोळा, साक्री, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांतील हजारो माणसे रोज जळगाव-धुळ्याला येतात. बाजार समितीत, दालमिलमध्ये, बांधकामावर, दुकानांच्या फळ्यांवर ती काम करतात. संध्याकाळ झाली की त्यांना शहर सोडावे लागते, कारण गावाकडे जाणाऱ्या बहुतेक मुक्कामी गाड्या सायंकाळीच सुटतात. मुक्कामी गाडी हा शब्द खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. ती गावात जाऊन रात्रभर थांबते, तिचे चालक-वाहक तिच्यातच अंग टाकतात आणि पहाटे ती माणसांना घेऊन पुन्हा शहराकडे निघते. गाडीला गावात मुक्काम आहे. माणसाला शहरात मुक्काम नाही.

आता त्याच माणसाने, किंवा त्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने, एखादी संध्याकाळ शहरात घालवायचे ठरवले तर काय होते? राज्य सरकारची हौशी नाट्यस्पर्धा जळगाव केंद्रावर होते, तेव्हा तिचे तिकीट दहा-पंधरा रुपयांचे असते. बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात कार्यक्रम होतात, कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा भरते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे येणे स्वस्त झाले आणि पाहणे स्वस्तच होते. महाग आहे ती फक्त रात्र. पंधरा रुपयांचे नाटक पाहण्यासाठी आठशे-नऊशे रुपयांची खोली घ्यावी लागत असेल, तर ते नाटक पंधरा रुपयांचे नाही, नऊशे पंधरा रुपयांचे आहे. आणि म्हणूनच सवलतीच्या तिकिटाचा खरा लाभ शहरात घर असलेल्या मध्यमवर्गालाच मिळतो.

हे नऊशे रुपये किती मोठे आहेत? २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरवण्यात आली होती. त्या हिशेबाने नऊशे रुपयांची खोली म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची मजुरी. जो तीन दिवस उन्हात खडी फोडेल त्याला एक रात्र शहरात झोपण्याची मुभा, असा हा विनिमयाचा दर आहे. बाजारपेठ हा दर कोणाला विचारून ठरवत नाही. आणि शनिवार आला, लग्नसराई आली, परीक्षा आली की तो चढतो. मोबाइलवर खोल्या विकणाऱ्या कंपन्यांनी या चढउताराला शास्त्राचे रूप दिले आहे. गरज जितकी निकडीची तितका भाव जास्त, हे दुष्काळातील सावकारालाही ठाऊक असलेले तत्त्व आता यंत्राच्या साहाय्याने राबवले जाते, एवढाच फरक.

कराचा कल कोणाकडे?

बाजार निर्दय असतो हे सांगण्यासाठी लेख लिहावा लागत नाही. विचारायचे आहे ते हे, की या बाबतीत राज्यसंस्था कोणाच्या बाजूने उभी राहिली. वस्तू व सेवा कराचा इतिहास याचे उत्तर स्वच्छ देतो.

जुलै २०१७ मध्ये हा कर आला तेव्हा दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीवर कर नव्हता. साडेसात हजार व त्यावरील खोलीवर २८ टक्के होता. करव्यवस्थेत प्रगतिशीलतेचा एवढा तरी अंश शिल्लक होता. ऑक्टोबर २०१९ पासून वरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. आठ हजारांच्या खोलीत उतरणाऱ्याची एका रात्रीत ८०० रुपयांची बचत झाली. म्हणजे बसस्थानकासमोरच्या लॉजमधील एका खोलीचे जवळजवळ संपूर्ण भाडे. मग तूट कोठून भरायची? १८ जुलै २०२२ पासून हजाराच्या आतील खोलीची सूट काढून तिच्यावर १२ टक्के कर बसवण्यात आला. नऊशेच्या खोलीवर १०८ रुपये. रोजगार हमीच्या मजुरीच्या एक तृतीयांशाहून अधिक.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या सर्व खोल्यांवर सरसकट पाच टक्के दर आला आणि त्याची सामान्य माणसाला दिलेली भेट म्हणून मोठी जाहिरात झाली. ही भेट कोणाला किती मिळाली ते मोजावे. सात हजारांच्या खोलीवर २०१७ मध्ये १,२६० रुपये कर होता. २०१९ नंतर तो ८४० झाला. आता ३५० आहे. नऊशेच्या खोलीवर २०१७ मध्ये शून्य होता. २०२२ मध्ये १०८ झाला. आता ४५ आहे. श्रीमंताचा कर आठ वर्षांत चतुर्थांशाच्या जवळ आला आणि गरिबाचा शून्यावरून पंचेचाळीसवर गेला. ज्या सुधारणेनंतर गरीब पूर्वीपेक्षा जास्त भरतो आणि श्रीमंत पूर्वीपेक्षा कमी भरतो, तिला सुलभीकरण म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

यावर असे सांगितले जाते की वीस लाखांच्या आतील उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकाला नोंदणीच करावी लागत नाही. मग गरिबाच्या लॉजवर कर आहेच कोठे? पंधरा खोल्यांची लॉज, सहाशे रुपये भाडे, वर्षभरात सरासरी दोन तृतीयांश खोल्या भरल्या, तर उलाढाल २१ लाख ९० हजार होते. म्हणजे अगदी मामुली लॉजही ही मर्यादा ओलांडते. मर्यादेखाली राहतात ती पाच-सात खोल्यांची, कोंदट, संडासाला रांग लागणारी ठिकाणे. गरिबाने करातून सुटायचे असेल तर त्याने ढेकणांबरोबर झोपावे, असा या युक्तिवादाचा व्यवहारातील अर्थ आहे.

ज्यांच्यासाठी सरकारकडे खाटा आहेत

सरकारजवळ पैसा नाही, ही सबब तर मुळीच टिकत नाही. उडान योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये जळगावहून मुंबईला विमानसेवा सुरू झाली. या योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास कमाल भाडे ठरवून विमान कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून देण्याची व्यवस्था करण्यात आली. विमानातील खुर्ची जळगावकराला परवडावी यासाठी सरकारने अनुदानाचे तत्त्व मान्य केले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग खुर्चीला अनुदान चालते आणि खाटेला चालत नाही, हे कोणत्या अर्थशास्त्राने?

खाटाही सरकारजवळ आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय विश्रामगृह आहे, मोक्याच्या जागी आहे, झाडाझुडपांत आहे. ब्रिटिश अमलात ती साहेबाच्या दौऱ्यासाठी होती; स्वातंत्र्यानंतर साहेब गेला आणि दौरा राहिला. नियमाने तेथे सामान्य नागरिकालाही जागा मिळू शकते; व्यवहारात खोली मंत्र्यासाठी, आमदारासाठी, समितीसाठी राखलेली असते. धुळ्याच्या गुलमोहर विश्रामगृहाने मे २०२५ मध्ये संपूर्ण महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले. विधिमंडळाची अंदाज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर असताना तेथील एका कुलूपबंद खोलीतून १ कोटी ८४ लाखांहून अधिक रोकड जप्त झाली. ती कोणाची व कशासाठी, हे तपासाने सांगावे. पण एक गोष्ट तपासाशिवायही स्पष्ट आहे. शहराच्या सार्वजनिक मालकीच्या छपराखाली नोटांच्या गड्ड्यांना रात्रीचा मुक्काम मिळाला. शिंदखेड्याहून नाटक पाहण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याला तो मिळत नाही.

रेल्वे स्थानकावरील विश्रांतिकक्षाची गोष्ट याहून वेगळी नाही. त्यासाठी रेल्वेचे आरक्षित तिकीट लागते. एसटीने आलेला माणूस प्रवासी असतो, पण तो रेल्वेचा प्रवासी नसतो. त्यामुळे तो फलाटावर, आणि तेथून हुसकावला की बसस्थानकाच्या बाकावर.

खोली आहे, पण तुम्हाला नाही

पैसे असले तरी प्रश्न संपत नाही. आधार कार्डावर त्याच जिल्ह्याचा पत्ता दिसला की अनेक लॉजचे व्यवस्थापक खोली नाकारतात. एकटी स्त्री आली की संशयाने पाहतात. आडनाव मुसलमानाचे दिसले की अचानक सर्व खोल्या भरलेल्या असतात. अविवाहित स्त्री-पुरुष दिसले की पोलिसांचे नाव पुढे करतात. यांपैकी कशालाही कायद्याचा आधार नाही. अविवाहित सज्ञान व्यक्तींनी हॉटेलच्या खोलीत एकत्र राहण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ओयो या कंपनीने मीरतपासून सुरुवात करून अविवाहित जोडप्यांना प्रवेश नाकारण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली. भांडवलाला नीतीची आठवण येते ती अशी, ग्राहकाच्या हक्काची किंमत देऊन.

खानदेशात तरी मुक्काम नाकारण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथील अस्पृश्य बांधवांनी आग्रह केला म्हणून एका रात्रीचा मुक्काम त्यांनी मान्य केला. स्थानकापासून महारवाड्यापर्यंत त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. शेवटी टांगा भाड्याने घेऊन तो हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाने हाकला. नदीवरील मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले असता पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले होते, हाही प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. रात्रीच्या आसऱ्याचा प्रश्न हा माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा प्रश्न आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून हॉटेल, उपाहारगृह, दुकान, करमणुकीची जागा यांत कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगितले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. घटनाकारांना हा प्रश्न क्षुल्लक वाटला नव्हता. तो क्षुल्लक वाटतो तो ज्याला आयुष्यात कधी काउंटरवरून परत फिरावे लागले नाही त्याला.

धर्मशाळेची परंपरा आणि तिची मर्यादा

काही भाविक मंडळी म्हणतील, आपल्याकडे धर्मशाळा आहेत, समाजाची भवने आहेत. सरकारने यात कशाला पडावे? धर्मशाळेच्या परंपरेविषयी समाजवाद्यांनी तुच्छतेने बोलू नये. अहिल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा बांधल्या. गाडगे महाराजांनी तर भीक मागून मिळालेला पैसा पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळांत ओतला आणि स्वतः खापराच्या तुकड्यात भाकरी खाल्ली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. त्याच खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे छात्रालय साने गुरुजींनी सांभाळले आणि गावोगावच्या मुलांना तेथे घर मिळाले. दुसऱ्याच्या गावात आलेल्याची रात्र ही गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव या भूमीत जुनी आहे.

पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. गाडगे महाराजांची दृष्टी घेऊन सर्व धर्मशाळा चालल्या नाहीत. बहुतेक समाजभवने ज्ञातीच्या वर्गणीतून उभी राहिली. त्यांची दारे प्रथम ज्ञातीला उघडतात आणि लग्नसराईत तर फक्त मंगल कार्यालय म्हणून उघडतात. तीर्थाच्या ठिकाणी भाविकाला खोली मिळते, पण नाटक पाहण्यासाठी, मित्राला भेटण्यासाठी, पुस्तकप्रदर्शनासाठी किंवा नुसते शहर हिंडण्यासाठी आलेल्याला धर्मशाळा नाही. देवासाठी प्रवास केला तर पुण्य, आनंदासाठी केला तर चैन, हा भेद आपल्या सार्वजनिक धोरणात मुरलेला आहे. दानधर्माची हीच अडचण असते. तो दात्याच्या श्रद्धेप्रमाणे वाटला जातो. हक्क मात्र माणसाच्या गरजेप्रमाणे.

चैन आणि हक्क

येथे चळवळीच्या स्वतःच्या पूर्वग्रहाकडे वळावे लागते. गरिबाला निवारा हवा, दवाखान्यात आलेल्या नातेवाइकाला आसरा हवा, हे सर्वांना पटते. ते हवेच. शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर जणांचे निवारा केंद्र, हे मान २०१० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शासकीय मार्गदर्शक तत्त्वांतही आले. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार व धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येलाही जळगावात चारशे आणि धुळ्यात तीनशे खाटा हव्यात. त्यासाठी लढलेच पाहिजे. पण शनिवारच्या रात्री मौजेसाठी आलेल्या मजुराच्या मुलाला स्वस्त खाट हवी, असे म्हटले की कार्यकर्ताही कपाळाला आठी घालतो. गरिबाचे दुःख त्याला मान्य असते. गरिबाची मौज मान्य नसते.

ही वृत्ती समाजवादाच्या इतिहासाशी विसंगत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती केवळ अंगमेहनतीचा शीण घालवण्यासाठी मागितली नव्हती. माणसासारखे जगण्यासाठी, स्वतःच्या आणि समाजाच्या कामासाठी मागितली होती. रविवार मिळाला, पण त्याला लागून असलेली शनिवारची रात्र आजही पैसेवाल्याच्याच मालकीची आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली जनआघाडीचे सरकार आले. त्याने चाळीस तासांचा आठवडा दिला, दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. पण रजा देऊन थांबले नाही. कामगार सुट्टीत जाईल कोठे आणि झोपेल कोठे, याचाही विचार केला. लेओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे तिकीट सुरू केले आणि युवकांच्या वसतिगृहांच्या चळवळीला सरकारचे बळ दिले. पॅरिसच्या कारखान्यातील हजारो कामगारांनी त्या वर्षी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. समाजवादाने लोकांना दिलेल्या गोष्टींत हा समुद्र लहान नाही.

चौथा आक्षेप सज्जनांचा असतो: स्वस्त जागा काढली की गैरप्रकार होतील, दारुडे येतील. गैरप्रकार महागड्या हॉटेलांत होत नाहीत असे ज्याला वाटते त्याने वृत्तपत्रे वाचावीत. आणि गैरप्रकाराला आमंत्रण मिळते ते अंधारी जिना, फुटलेली कडी, बिनपगारी पोऱ्या आणि हप्ता घेणारी यंत्रणा यांमुळे. उजेड, नोंदवही, पगारी कर्मचारी आणि स्त्रियांसाठी वेगळा मजला असलेली सार्वजनिक जागा ही गैरप्रकाराचा सर्वांत चांगला प्रतिबंध आहे. मध्यरात्री बसस्थानकाच्या बाकावर बसलेली मुलगी सुरक्षित आणि पालिकेच्या शयनगृहातील मुलगी असुरक्षित, असे मानणारी नीती तपासून पाहण्याच्या लायकीचीही नाही.

जागा कोणाची?

शहराच्या मध्यभागी जागाच कोठे आहे, असे विचारले जाईल. जागेचे मोल हे मालकाच्या कष्टाने वाढत नाही. बसस्थानक, रेल्वे, रस्ता, बाजार, पाणी हे सर्व समाजाने उभे केले म्हणून मध्यवस्तीतील एका चौरस फुटाला भाव येतो. समाजाने निर्माण केलेले हे मूल्य खासगी खंडाच्या रूपाने मालकाच्या खिशात जाते आणि ज्या खेडुताच्या खरेदीवर ते शहर पोसले त्यालाच तेथून बाहेर ढकलते. जळगावात रेल्वे स्थानकाजवळची खानदेश मिल अनेक पिढ्यांच्या घामावर चालली. ती बंद पडली आणि त्या जागेवर खानदेश सेंट्रल हे व्यापारी संकुल आले. घरकुलांच्या नावाने जळगाव पालिकेने गेल्या शतकाच्या अखेरीस मोठी योजना हाती घेतली. तिची बहुतेक घरे अपुरी राहिली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले. अपिलांचा शेवट काहीही होवो, गरिबाच्या छपराचा पैसा कसा वाहून जातो याचा पाठ जळगावकरांना मिळालेलाच आहे. म्हणून नव्या मागणीबरोबर जनतेच्या देखरेखीची मागणीही जोडलेली असली पाहिजे.

जागा आजही आहे. फुले मार्केट, गोलाणी मार्केट यांसारखी पालिकेची संकुले मध्यवस्तीत आहेत. एसटीची स्थानके आणि आगारे दोन्ही शहरांच्या गाभ्यात आहेत, आणि एसटीच्या जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी विकासकांच्या घशात घालण्याचे धोरण आखले जात आहे. पालिकेच्या शाळा शनिवारी रात्री रिकाम्या असतात. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शाळामास्तराला १९०९ मध्ये हेच सुचले की सुट्टीतील वर्गांत पेंढ्याच्या गाद्या टाकल्या तर हिंडणाऱ्या मुलांना रात्र काढता येईल. त्यातून १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले युवक वसतिगृह उभे राहिले आणि ती कल्पना जगभर पसरली. इतके लांब जायचे नसेल तर केरळकडे पाहावे. तेथील राज्य परिवहन महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये मुन्नारच्या आगारात जुन्या गाड्यांत शायिका बसवून शंभर रुपयांत रात्रीचा मुक्काम दिला. कोची महापालिकेने स्त्रियांसाठी शे-दोनशे रुपयांच्या घरात स्वतःचे निवासस्थान चालवून दाखवले. जे मुन्नारच्या आगाराला जमते ते धुळ्याच्या आगाराला का जमू नये?

हिशेबही अवघड नाही. शंभर खाटांचे शयनगृह, माणशी पन्नास चौरस फूट, म्हणजे पाच हजार चौरस फूट जागा. खाटेचे भाडे शंभर रुपये, वर्षभरात सरासरी साठ खाटा भरल्या तर उत्पन्न २१ लाख ९० हजार. सात कर्मचाऱ्यांना दरमहा १८ हजारांप्रमाणे पगार १५ लाख १२ हजार. उरलेल्या पावणेसात लाखांत वीज, पाणी, चादरी धुणे आणि डागडुजी. जमिनीचा खंड धरायचा नाही, कारण जमीन जनतेचीच आहे. बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करायचा नाही, जसा रस्त्याचा खर्च पादचाऱ्याकडून केला जात नाही. एवढे मान्य केले तर हे शयनगृह स्वतःच्या पायावर उभे राहते. तूट आलीच तर विमानाच्या खुर्चीची तूट भरणाऱ्या राज्याला ती भारी पडू नये.

कार्यकर्त्यांनी हाती घ्यावयाच्या मागण्या यातून आपोआप निघतात. जळगाव आणि धुळे येथे बसस्थानकाच्या हाकेच्या अंतरावर प्रत्येकी शंभर खाटांचे सार्वजनिक शयनगृह, त्यात निम्म्या खाटा स्त्रियांसाठी. भाडे रोजगार हमीच्या दिवसाच्या मजुरीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नाही, आणि शनिवारीही तेच. हजाराच्या आतील खोलीवरील कर पूर्ववत शून्य. शासकीय विश्रामगृहातील रिकाम्या खोल्यांची रोजची यादी दारावर लावून त्या नागरिकांना क्रमाने. शनिवारी नाटक-सिनेमा सुटल्यानंतर प्रमुख तालुक्यांकडे एक उशिराची गाडी. जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती किंवा आधारवरचा पत्ता पाहून खोली नाकारणाऱ्याचा परवाना रद्द. आणि या सर्वांवर वापर करणाऱ्यांच्या प्रतिनिधींची देखरेख.

यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहत बसण्यासारखी नाही. त्यांची सुरुवात मोजणीने व्हावी. येत्या शनिवारी दोन्ही शहरांतील कार्यकर्त्यांनी रात्री दहानंतर बसस्थानके, फलाट, रुग्णालयांचे व्हरांडे आणि बाजारपेठेतील ओटे पाहावेत. कोण झोपले आहे, कोठून आले आहे, का थांबले आहे आणि किती पैसे देऊ शकले असते ते नम्रपणे विचारून लिहून घ्यावे. मध्यवस्तीतील लॉजची भाडी नोंदवावीत. असे चार शनिवार केले की महापालिकेच्या सभेपुढे ठेवण्यासाठी जो कागद तयार होईल त्याला उत्तर देणे कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला कठीण जाईल.